परदेशी चित्रपट महोत्सव सोलापुरात भरवताना: आधी पत्र, मग पत्रक

दर वर्षी दिवाळीनंतर दोन-तीन मंडळींचे फोन येतात. कुणी महाविद्यालयातलं असतं, कुणी वाचनालयाचं, कुणी नव्यानं फिल्म सोसायटी काढलेलं. "जपानी चित्रपटांचा महोत्सव करतोय, हॉल बुक झालाय, पत्रकं छापून आलीत, आता चित्रपट कुठून मिळतील?" हा प्रश्न ऐकला की जीव हळहळतो. उत्साह खरा असतो, खर्चही झालेला असतो, पण सगळं उलट्या क्रमानं झालेलं असतं. त्यातले बरेच महोत्सव शेवटी कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या कॉपीवर निघतात किंवा रद्द होतात.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतो. गृहीत धरलंय ते असं: एकाच देशाचे गेल्या चार-पाच वर्षांतले सहा चित्रपट, तीन दिवस, दीडशे-दोनशे प्रेक्षक. एवढ्यासाठी पूर्ण चार महिने हातात हवेत. दोन महिन्यांत करायचं असेल तर एकच दिवस आणि दोन चित्रपट करा, पण नीट करा.

## १. देश निवडा, म्हणजे दार निवडा

"कुठल्या देशाचा सिनेमा आवडतो" या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न लगेच विचारा: त्या देशाचं चित्रपट देणारं दार भारतात कुठे आहे? जर्मन चित्रपटांसाठी पुण्यातलं मॅक्सम्युलर भवन, फ्रेंचसाठी पुण्यातलंच आलियान्स फ्रान्सेज. जपानसाठी नवी दिल्लीतलं जपान फाउंडेशन. त्यांचा जपानी चित्रपट महोत्सव भारतातल्या मोठ्या शहरांत भरतो. कोरियासाठी दिल्लीतलं कोरियन सांस्कृतिक केंद्र. ज्या देशाचं सांस्कृतिक केंद्र नाही, त्याच्या दूतावासात बहुधा सांस्कृतिक विभाग असतो, तिथे लिहायचं.

पहिल्या वर्षी पुण्यातलं दार निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी निघून, प्रत्यक्ष भेटून, रात्री सोलापुरात परत येता येतं. समोरासमोर बसून अर्ध्या तासात जे ठरतं, ते दिल्लीशी ईमेलवर ठरायला तीन आठवडे जातात.

## २. पहिलं पत्र

पत्र एका पानाचं. त्यात आपल्या संस्थेचा नोंदणी क्रमांक, आधी केलेले कार्यक्रम, तारखांचे दोन पर्याय, सभागृहाची आसनसंख्या, प्रवेश मोफत की नोंदणी शुल्क, आणि कोणत्या स्वरूपातला चित्रपट दाखवण्याची सोय आहे, एवढं यायलाच हवं. बहुतेक पत्रांत सोलापूरच्या परंपरेवर दोन परिच्छेद असतात आणि आसनसंख्या नसते. समोरच्या माणसाला चित्रपटाच्या मालकाकडे प्रदर्शनाचे हक्क मागताना नेमकी तीच लागते.

सहा चित्रपट हवे असतील तर दहा-बारा नावांची यादी मागा. नव्या चित्रपटांची गोम अशी की एखाद्या वितरकानं किंवा ओटीटी कंपनीनं भारतापुरते हक्क घेतलेले असले, तर त्या देशाचं सांस्कृतिक केंद्रही तो चित्रपट आपल्याला देऊ शकत नाही. जितका चित्रपट गाजलेला, तितकी ही शक्यता जास्त. यादीतली तीन-चार नावं गळणार हे धरूनच चाला.

इथे थांबून तपासा: तारीख, शहर, सभागृह आणि प्रयोगांची संख्या लिहिलेलं हक्कांचं पत्र हातात आहे का? फोनवरचं "हो, देऊ की" म्हणजे पत्र नव्हे. ते येईपर्यंत चित्रपटाचं नाव कुठेही जाहीर करू नका, व्हॉट्सॲपच्या गटातसुद्धा नाही.

## ३. दोन वेगळे कागद: हक्क आणि सूट

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हक्क देतो चित्रपटाचा मालक. डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीचे पैसे भरले, तरी सभागृहात लोकांना दाखवण्याचा हक्क मिळत नाही. ते पैसे घरी बघण्याचे असतात. प्रवेश मोफत ठेवला म्हणूनही यात फरक पडत नाही.

दुसरा कागद सेन्सॉरचा. परदेशी महोत्सवातल्या बहुतेक चित्रपटांना भारतातलं प्रमाणपत्र नसतं. असे चित्रपट महोत्सवात दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ च्या कलम ९ मध्ये तिची तरतूद आहे. अर्जासोबत चित्रपटांची यादी आणि प्रत्येकाचा सारांश जोडायचा. महोत्सव व्यावसायिक नाही आणि प्रेक्षक फक्त नोंदणी केलेले प्रतिनिधी असतील, हे लेखी द्यायचं. चित्रपट आधी बघून शिफारस करणारी समितीही नेमावी लागते. चित्रपट, समीक्षा, लेखन या क्षेत्रांतली माणसं त्यात घ्या. देणगीदारांची आणि पदाधिकाऱ्यांची सोय लावायची ही जागा नव्हे.

यावरून एक गोष्ट आपोआप ठरते: दारावर तिकीटविक्री करायची नाही. आधी नाव नोंदवून पास द्यायचे. नाममात्र नोंदणी शुल्क घेता येतं.

आपली फिल्म सोसायटी 'फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया' या संस्थेशी संलग्न असेल, तर अर्ज करण्याआधी फेडरेशनच्या पश्चिम विभागाशी बोला. सभासदांसाठीचा खेळ कुठे संपतो आणि महोत्सव कुठे सुरू होतो, हे त्यांना रोजच्या कामामुळे नेमकं ठाऊक असतं.

सावधान: प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला १८ वर्षांखालच्या मुलांना पास देऊ नका. आपल्याकडे अख्खं घर निघण्याची सवय आहे, आणि दारात आलेल्या आजी-नातवंडांना परत पाठवणं फार जड जातं. म्हणून नोंदणीच्या अर्जावरच मोठ्या अक्षरांत छापा.

## ४. निवड करताना

सहाही चित्रपट पूर्ण बघा. ट्रेलर आणि दोन परीक्षणांवर निवडलेला चित्रपट पहिल्या वीस मिनिटांतच हॉल रिकामा करू शकतो. रात्रीच्या खेळाला संथ, अडीच तासांचा चित्रपट लावू नका. जुळे सोलापूरहून किंवा होटगी रोडहून आलेल्या माणसाला घरी परतायचं असतं. उद्घाटनाला असा चित्रपट ठेवा की कुटुंब, काम, गाव, म्हातारपण यांपैकी काहीतरी त्यातून प्रेक्षकाला आपलं वाटेल. ज्या शहरात निम्मी घरं कधी ना कधी मागावर किंवा गिरणीवर जगली, तिथे कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट कोणत्याही भाषेतली असली तरी पोचते. प्रयोगशील चित्रपट दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर प्रेक्षकाचा आपल्यावर विश्वास बसलेला असतो.

## ५. तारीख आणि जागा

जानेवारीचा मधला काळ टाळा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा आणि गड्डा, म्हणजे तिची जत्रा, शहराचं सगळं लक्ष होम मैदानाकडे. गणपती, नवरात्र आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सवही टाळा, त्या दिवशी शहराच्या पूर्व भागातून कुणी येणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचा खेळ लावण्याचा विचारसुद्धा नको. विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक बघून नोव्हेंबरचा शेवट किंवा फेब्रुवारी धरावा.

जागेचे दोन पर्याय. मल्टिप्लेक्सचा एक पडदा भाड्यानं घेतला तर चित्र आणि आवाजाची काळजी मिटते, पण वेळा त्यांच्या सोयीच्या. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृहासारखी जागा घेतली तर वेळ आपल्या हातात राहते आणि लोकांना जागा परिचयाची असते. मात्र ही सभागृहं नाटक-व्याख्यानांसाठी आहेत, तेव्हा पडदा, प्रोजेक्टर आणि आवाजाचं जोडकाम आपल्याला करावं लागतं. शंभराच्या आतले प्रेक्षक असतील तर छोटं सभागृह घ्या. मोठ्या सभागृहात विखुरलेले साठ लोक एकमेकांचं हसू ऐकत नाहीत, आणि विनोदी चित्रपटही गंभीर होऊन जातो.

प्रोजेक्टर भाड्यानं घेताना सोपा हिशेब करा. पडद्याची रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला १४ नं गुणा. जो आकडा येईल, तितके ल्युमेन (प्रकाशाचं माप) पडद्यावर प्रत्यक्ष पोचले पाहिजेत. १६ फूट बाय ९ फुटांच्या पडद्याला सुमारे २००० ल्युमेन लागतात. सिनेमाच्या रंगांची सेटिंग लावली की छापील ल्युमेनच्या निम्मेच उरतात असं धरून दुप्पट-अडीचपट क्षमतेचा, म्हणजे ५००० ल्युमेनचा प्रोजेक्टर मागवा. पण दाराच्या फटीतून दुपारचं ऊन येत असेल तर हा हिशेब कोसळतो. दुपारी तीन वाजता हॉलमध्ये उभं राहून दिवे बंद करा आणि हातातल्या कागदावरचं वाचता येतं का ते बघा. वाचता आलं तर काळ्या कापडाची सोय करा.

## ६. चित्रपट कोणत्या रूपात येणार

डीसीपी. चित्रपटगृहातल्या सर्व्हरवर चालणारी प्रत. दोन तासांच्या चित्रपटाची फाइल बऱ्याचदा दीडशे-दोनशे जीबीची असते. ती हार्ड डिस्कवर येते किंवा डाउनलोड करावी लागते. परदेशातून डिस्क येणार असेल तर कस्टम्समध्ये अडकू शकते, तेव्हा तीन आठवडे आधी मागवा. डिस्कवरून सर्व्हरवर चढवायलाही वेळ लागतो, म्हणून खेळाच्या दिवशी सकाळी डिस्क थिएटरला नेऊ नका.

डीसीपीला बहुधा कुलूप असतं. त्याची किल्ली म्हणजे केडीएम. ती एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती बनते. यातल्या तीन चुका नेहमीच्या. पहिली: पडदा क्रमांक २ च्या सर्व्हरची माहिती पाठवली आणि ऐन वेळी थिएटरनं पडदा क्रमांक ३ दिला, किल्ली निरुपयोगी. दुसरी: किल्लीची वेळ खेळाच्या वेळेपासूनच सुरू, त्यामुळे चाचणी घेताच येत नाही. किल्ली दोन दिवस आधीपासून खेळानंतरच्या दिवसापर्यंत मागा. तिसरी चूक आमच्याकडून झाली होती. परदेशातल्या लॅबनं त्यांच्या घड्याळाप्रमाणे वेळ घातली आणि आम्ही ती भारतीय वेळ समजलो. सायंकाळी साडेसहाला भरलेल्या हॉलसमोर उभं राहून माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक पत्रात "भारतीय प्रमाणवेळ" हे शब्द लिहितो आणि उत्तरातही तेच शब्द मागतो.

ब्ल्यू-रे. छोट्या सभागृहासाठी उत्तम. फक्त डिस्कचा विभाग, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते, ते तपासा: जपान आणि कोरियाच्या डिस्क ए विभागाच्या, युरोपातल्या बी, भारतातल्या सी. इथला साधा प्लेअर परदेशी डिस्क नाकारू शकतो. सर्व विभागांची डिस्क मागा किंवा तसा प्लेअर मिळवा.

फाइल. आजकाल बरीच केंद्रं फाइल देतात. ती लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवूनच चालवा. पेन ड्राइव्हवरून थेट नको, आणि इंटरनेटवरून तर अजिबात नको.

## ७. मराठी सबटायटल: खरं काम इथे आहे

परदेशी चित्रपट इंग्रजी सबटायटलसह येतो आणि आयोजक तेवढ्यावर समाधान मानतात. मग प्रेक्षक येतात ते इंग्रजी भरभर वाचू शकणारे, तेच ते चाळीस जण. महोत्सव शहरासाठी असेल, तर निदान दोन चित्रपटांना मराठी सबटायटल द्याच. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी आणि संवादांची वेळेसह यादी, म्हणजे एसआरटी फाइल, पहिल्या पत्रातच मागायची.

संवादप्रधान चित्रपटात हजार-बाराशे सबटायटल सहज असतात. दोघं जण रोज दोन तास बसले तरी तीन आठवडे लागतात. शिस्त एवढीच: एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, आणि भरगच्च दोन ओळी असतील तर पाच-सहा सेकंद पडद्यावर. शब्दशः सगळं बसत नाही. जे चेहऱ्यावर दिसतंय ते गाळा, जे फक्त शब्दांत आहे ते ठेवा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चित्रपट न बघता इंग्रजी ओळींवरून भाषांतर. इंग्रजीतल्या 'यू'चं मराठीत तू, तुम्ही की आपण, हे कोण कोणाशी बोलतंय त्यावर ठरतं. आमच्या एका जुन्या सबटायटलमध्ये सून सासऱ्याला "तू जेवलास का" म्हणाली आणि हॉलमध्ये खसखस पिकली. त्या प्रसंगातला ताण पुन्हा जमला नाही. म्हणून आधी पात्रांचा तक्ता करा: कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो करतं, आणि हे कोणत्या प्रसंगानंतर बदलतं.

नात्यांचंही तसंच. इंग्रजीतल्या 'अंकल'चा काका, मामा, मावसा की शेजारचा कुणी, हे चित्रपटातूनच शोधावं लागतं. जपानी आणि कोरियन चित्रपटांत तर कान उघडे ठेवा. तिथे धाकटी बहीण थोरलीला नावानं हाक मारत नाही, 'ताई' याच अर्थाचा शब्द वापरते. इंग्रजी सबटायटल त्या जागी बरेचदा नाव घालतं. आपल्याकडे 'ताई' आहेच, मग नाव कशाला लिहायचं? इथे मराठी सबटायटल इंग्रजीपेक्षा मूळ भाषेच्या जवळ जातं, आणि हे काम करताना मला सर्वांत जास्त आनंद याच जागी होतो.

पण दुसऱ्या टोकाला जाऊ नका. जपानी माणूस जेवण्याआधी हात जोडून एक शब्द उच्चारतो, तिथे आपला जेवणाआधीचा श्लोक घालायचा मोह होतो. तो आवरा. "जेवूया" पुरे. तो माणूस जपानीच राहू दे.

दाखवण्याच्या पद्धती दोन. फाइलवरून खेळ असेल तर लॅपटॉपवर मराठी एसआरटी जोडता येते; फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी नीट दिसेल अशा संकेतपद्धतीत, जतन करा. डीसीपी किंवा ब्ल्यू-रे असेल तर पडद्याखाली वेगळी पट्टी लावून दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरनं ओळी टाका. एक माणूस संवाद ऐकत कळ दाबत जातो. त्या माणसानं चित्रपट किमान तीनदा पाहिलेला असावा. आणि लक्षात ठेवा, प्रोजेक्टरचा काळा रंगही थोडा उजळ असतो, त्यामुळे पट्टी सोडून बाकीचा झोत लेन्ससमोर पुठ्ठा लावून अडवा.

तपासणी: पहिल्या ओळीच्या आधी 'दृष्टी, स्त्री, उद्ध्वस्त, क्रूर' अशी एक ओळ घालून ज्या यंत्रावर खेळ होणार त्याच यंत्रावर बघा. जोडाक्षरं सुटी पडली तर फॉन्ट किंवा प्लेअर बदला. चाचणी झाली की ती ओळ काढायला विसरू नका.

## ८. चाचणी: आदल्या रात्री, संवादावर

चाचणी म्हणून ट्रेलर लावून "आवाज दणदणीत आहे" म्हणणारे हमखास फसतात. ५.१ आवाजाच्या, म्हणजे अनेक स्पीकरसाठी वेगवेगळा आवाज असलेल्या चित्रपटात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. सभागृहाच्या मिक्सरला मात्र आपण फक्त डावी-उजवी वायर जोडतो. परिणाम: संगीत घुमतं, पावसाचा आवाज येतो, माणसांचे ओठ हलतात आणि शब्द ऐकू येत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओ करून घ्या, म्हणजे मधला आवाज दोन्हींत मिसळतो. भाषा परकी असल्यानं बऱ्याच जणांना चूक कळतही नाही, म्हणून चाचणी हळू आवाजातल्या दोघांच्या संभाषणावर घ्या.

प्रत्येक चित्रपटाची सुरुवातीची, मधली आणि शेवटची पाच मिनिटं चालवा. शेवटच्या रांगेत बसून सबटायटल वाचा. पुढच्या माणसाच्या डोक्यामागे दुसरी ओळ जात असेल तर पडदा वर घ्या. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद प्रोजेक्टर, प्लेअर आणि लॅपटॉप यूपीएसवर टिकतात का, हे खरोखर मेन स्विच बंद करून बघा.

## ९. प्रेक्षक

पत्रकं आता छापा. मराठीबरोबर पूर्व भागासाठी तेलुगूत आणि विजापूर वेस भागासाठी उर्दूतही थोडी छापा. परकी भाषा ऐकत चित्रपट बघायची या शहराला सवय आहे, निमंत्रण मात्र आपल्या भाषेत लागतं. पत्रकावर चित्रपटाचा कालावधी आणि "मराठी सबटायटलसह" हे शब्द दिग्दर्शकाच्या पुरस्कारांपेक्षा ठळक हवेत.

पाहुण्यांची भाषणं मिळून दहा मिनिटं. चित्रपटाआधीची ओळख दोन मिनिटांची: गोष्ट सांगू नका, त्या देशातली एखादी रीत किंवा कायदा माहीत नसेल तर कळणार नाही, तेवढंच सांगा. चर्चा चित्रपटानंतर, आणि पहिला प्रश्न आपल्याच माणसानं विचारायचा नाही.

परदेशी पाहुणा येणार असेल तर हॉटेलला आधी कळवा. परदेशी नागरिकाची नोंद हॉटेलनं चोवीस तासांत करायची असते. सगळ्या लॉजना याचा सराव नसतो आणि पाहुणा रात्री अकराला रेल्वेनं उतरून काउंटरवर ताटकळतो.

## १०. पडदा पडल्यावर

डिस्क ज्या खोक्यात आली त्याच खोक्यात, पोचपावती घेऊन परत पाठवा. लॅपटॉपवरची फाइल दोघांसमोर पुसा आणि तसं हक्कधारकाला लेखी कळवा. कुणी कितीही गळ घातली तरी "एक कॉपी घरी" द्यायची नाही. अशी एक कॉपी बाहेर गेली की पुढच्या वर्षी ते दार बंद.

आठ दिवसांत सांस्कृतिक केंद्राला अहवाल जायला हवा: प्रत्येक खेळाला मोजलेली उपस्थिती, चार-पाच छायाचित्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि प्रेक्षकांच्या निवडक प्रतिक्रियांचं इंग्रजी भाषांतर. उपस्थिती फुगवू नका. दुपारच्या खेळाला बत्तीस लोक आले असतील तर बत्तीसच लिहा आणि त्यातले किती जण मराठी सबटायटलमुळे आले तेही लिहा. पुढच्या वर्षीच्या पत्रासोबत हाच अहवाल जोडायचा आहे.